अधिवास : पऱ्हाटीवर

टीव्हीवर समुद्र दिसला की माझे बाबा जेवायचे थांबतात. समुद्र सिनेमातला असो, बातम्यांतला असो, की मसाल्याच्या जाहिरातीतला. घास हातात तसाच राहतो, आणि पडद्यावरचं चित्र बदललं की ते माझ्याकडे बघून विचारतात, "ते तिथं अजून असन का, माय?" मी म्हणते, असेल. मग ते घास तोंडात घालतात. शहाऐंशीव्या वर्षी माणसाला विचारायला शंभर गोष्टी असतात, औषधाच्या, पेन्शनच्या, गुडघ्यांच्या. बाबांचा प्रश्न मी पाचवीत होते तेव्हापासून हा एकच आहे, आणि माझं उत्तरही तेव्हापासून तेवढंच बेजबाबदार.

'ते' म्हणजे एक समुद्री गोगलगाय. हिच्या पाठीवर शंख नसतो. बोटाच्या पेराएवढा मऊ जीव, पाण्याखालच्या खडकांवर राहणारा. अकोल्याच्या जठारपेठेत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्याला तिची काळजी का पडावी, हे सांगायचं तर मला माझी एक जुनी लबाडीही सांगावी लागेल. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

बाबा अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होते. गाव रिद्धपूरजवळचं, घरची काळ्या मातीची शेती. भावाभावांत वाटण्या होऊन बाबांच्या वाट्याला जे आलं त्यात भागणार नव्हतं, म्हणून ते शहरात आले आणि बेडकांच्या, झुरळांच्या, फॉर्मॅलिनच्या वासात त्यांचं आयुष्य गेलं. दहावीपर्यंत शिकले होते. अक्षर मात्र असं की विभागातल्या सगळ्या बरण्यांवरची लेबलं त्यांच्याच हातची. इंग्रजी नावं ते कागदावर बघून जशीच्या तशी उतरवायचे, अर्थ माहीत नसताना, आणि एक टिंब इकडचं तिकडे होत नसे. प्रवास म्हणाल तर रिद्धपूरला देवाला, मोझरीला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला, आणि आयुष्यात एकदा रत्नागिरीला.

रत्नागिरीला ते विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर गेले होते. विभागप्रमुख सरांनी त्यांना बरण्या, फॉर्मॅलिनचे कॅन आणि स्टोव्ह सांभाळायला नेलं होतं. आमच्या आळीत तोवर कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता. बाबा परत आले तेव्हा शेजारपाजारचे जमले आणि लाटा किती उंच होत्या ते विचारू लागले. बाबांना लाटांचं काही सांगता येईना. ते सांगत होते एका डबक्याची गोष्ट. ओहोटीच्या वेळी पाणी मागे सरतं, खडकांच्या खाचांत थोडं उरतं, तसल्या एका खाचेशी ते तासभर उकिडवे बसले होते. विद्यार्थी फोटो काढत होते. तेवढ्यात त्यांना ती दिसली. अंग पाण्यासारखं आरपार, पाठीवर बारीक बारीक शेंगांसारखे कोंब आणि प्रत्येक कोंबाच्या टोकाला कुंकू लावलेलं. कुंकू हा शब्द बाबांचाच. ते म्हणाले, एवढ्याशा जिवाला एवढी नटायची हौस कोणासाठी, तिथं तर पाहायलाही कोणी नाही. शेजारची मंडळी थोडा वेळ ऐकून आपापल्या घरी गेली. मी ऐकत राहिले. बाबांचा उजवा हात लाल झाला होता आणि ते तो सारखा खाजवत होते, हेही मला लख्ख आठवतं.

ती एकच होती. बाबांनी तिला उचललं, सरांना दाखवलं, सर म्हणाले छान, टाका बरणीत. बाबांनी टाकली. फॉर्मॅलिनमध्ये रंग टिकत नाही हे त्यांना खेकडे-मासे भरून भरून ठाऊक होतं, पण त्या दिवशी ते विसरले, किंवा त्यांना वाटलं असेल की हिचा टिकेल. अमरावतीला आल्यावर ते रोज सकाळी कुलूप उघडलं की आधी तिच्याकडे बघायचे. पंधरा दिवसांत कुंकू गेलं. महिन्याभरात ती आक्रसून कापसाच्या बोळ्यासारखी पांढरी पडली. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं की माझ्या हातानं मी तिची माती केली. आई म्हणाली, गोगलगायच तर आहे. पण तेव्हापासून तो प्रश्न सुरू झाला. तिथे ती एकच होती आणि ती आपण उचलून आणली, मग आता तिथे काही उरलं असेल का, हे त्यांना कळायला हवं होतं. परत जायचं होतं. पुढच्या वर्षीची सहल रद्द झाली, त्याच्या पुढच्या वर्षी नवे सर आले, आणि मग आईचं दुखणं, माझं शिक्षण. कोणी त्यांना नेलं नाही. त्यात मीही आले.

त्या बरणीचं लेबल लिहायची वेळ आली तेव्हा सरांना तिची जात सांगता येईना. ते बाबांना म्हणाले, तुम्हीच आणली, तुम्हीच लिहा. बाकीची लेबलं इंग्रजीत, हे एकच मराठीत. नावाच्या रकान्यात बाबांनी लिहिलं, समुद्री गोगलगाय. त्याखाली अधिवासाचा रकाना, म्हणजे प्राणी राहतो कुठे. तिथे त्यांनी लिहिलं, पऱ्हाटीवर.

पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे कपाशीचं झाड. कापूस वेचून होतो, पानं झडतात, काळपट काड्या उभ्या राहतात, त्यांनाही पऱ्हाटीच म्हणतात. वऱ्हाडातल्या प्रत्येक चुलीत ती जळलेली आहे. आता समुद्रातला प्राणी कपाशीच्या झाडावर कसा राहील? विभागात त्या लेबलाची मस्करी व्हायची, पण बरणी कोपऱ्यात असल्यामुळे जास्त कोणाचं लक्ष जात नसे.

लक्ष गेलं ते मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना. हो, त्याच कॉलेजात, त्याच विभागात. बाप ज्या टेबलावर ट्रे मांडायचा त्याच टेबलावर मी चिरफाड करायची. मला त्याची लाज वाटायची का? वाटायची. बाबांना ते कळत होतं, म्हणून प्रयोगशाळेत ते मला नावानं हाक मारत नसत, इतर मुलींसारखं ताई म्हणायचे.

प्रात्यक्षिक परीक्षेत स्पॉटिंग नावाचा प्रकार असतो. टेबलांवर क्रमांक लावलेल्या बरण्या, लेबलं कागदानं झाकलेली. घंटा वाजली की पुढच्या बरणीकडे सरकायचं आणि ओळखून लिहायचं, प्राणी कोणता, कुठे राहतो. त्या वर्षी ती बरणी मांडली होती. परीक्षा संपल्यावर बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सहज कागद वर करून लेबल वाचलं आणि ते जे हसायला लागले ते थांबेचनात. त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. सर हसले, मुलं हसली. कोणीतरी म्हणालं, वऱ्हाडातल्या गोगलगाईला पऱ्हाटीच लागते. बाबा दारात उभे होते, परीक्षकांच्या चहाचा ट्रे हातात घेऊन. त्यांच्याकडे बघून मी हसले. सगळ्यांच्या बरोबरीनं, सगळ्यांना दिसेल असं हसले.

सरांनी मला बोलावलं. माझं अक्षर बाबांवर गेलेलं. म्हणाले, नवं लेबल लिही, विभागाची शोभा नको. मी इंग्रजीत लिहिलं, अधिवास : रॉकी शोअर. खडकाळ किनारा. वर्गातल्या सगळ्या हुशार मुलांनी पेपरात हेच लिहिलं होतं. कोणी न सांगता बाबा गोंदाची बाटली घेऊन आले. लेबल त्यांनीच चिकटवलं, आणि मागे सरून मला विचारलं, "सरळ लागलं का, ताई?" मी म्हटलं, हो.

हे आठवलं की अजूनही माझे कान तापतात.

पुढे मी एम.एस्सी. झाले, अकोल्याला ज्युनिअर कॉलेजात लागले, लग्न झालं, बत्तीस वर्षं शिकवलं. मृदुकाय प्राण्यांचा धडा आला की मुलं पेंगायला लागायची, मग मी त्यांना जागं करायला एक किस्सा सांगायचे. एका कॉलेजात म्हणे लेबल होतं, समुद्री गोगलगाय, अधिवास पऱ्हाटीवर. मुलं खो खो हसायची. लेबल कोणाचं ते मी सांगत नसे. किती बॅचेसना हा किस्सा सांगितला त्याची गणती नाही, आणि तो सांगून घरी आल्यावर मी बाबांना फोन करायचे आणि ते विचारायचे, ते तिथं अजून असन का. मी म्हणायचे, असेल.

आई गेल्यावर बाबा बरीच वर्षं अमरावतीला एकटे राहिले. लेकीच्या घरी राहणं त्यांना पटत नव्हतं. एकदा पडले आणि मग नवऱ्यानंच जाऊन त्यांची पेटी उचलून आणली, तेव्हा आले. आता गॅलरीतल्या खुर्चीवर बसून असतात. एक डोळा काचबिंदूनं गेलेला, दुसऱ्यानं जवळचं दिसतं.

मागच्या वर्षी अमरावतीहून विभागाचा फोन आला. सध्याचे प्रमुख मला ओळखतात. जुन्या बरण्या काढून टाकायच्या होत्या, फॉर्मॅलिन आता कोणाला नको असतं. म्हणाले, मॅडम, तुम्हाला काही हवं असेल तर बघून जा. मी बसनं गेले. कोपऱ्यातलं कपाट तेच होतं. बरणीतलं पाणी चहासारखं पिवळं झालेलं, तळाशी तो पांढरा बोळा, आणि बरणीवर माझं लेबल. माझं सुंदर अक्षर. मी ती बरणी शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन अकोल्याला आले. बाबांनी बरणी डोळ्याजवळ धरली, म्हणाले, आली का, आणि लगेच माझ्या हातात परत दिली. त्यांना ती पांढरी पडलेली बघवत नाही हे मी विसरले होते.

मला वाटलं, निदान तिचं नाव तरी शोधावं. निवृत्तीनंतर वेळ होता. इंटरनेटवर लोक प्राण्यांचे फोटो टाकतात आणि जाणकार ओळखून सांगतात, तशा एका ठिकाणी मी बरणीचे फोटो टाकले. आठवडाभर कोणी फिरकलं नाही. मग रत्नागिरीच्या एका बाईंचा निरोप आला. बँकेतून निवृत्त झालेल्या, माझ्याच वयाच्या, दर ओहोटीला किनाऱ्यावर जाऊन हेच जीव बघणाऱ्या. त्यांनी लिहिलं की ताई, पाठीवरचे कोंब दिसतात त्यावरून गट सांगता येतो, पण रंग गेला आहे, त्यामुळे पुढे जाता येत नाही. कशावर सापडली होती ते कळेल का? यांचं खाणं ठरलेलं असतं. जे खातात त्यावरच राहतात. घर कळलं की नाव जवळ येतं.

मी रुबाबात टाइप केलं, रॉकी शोअर.

त्यांचं उत्तर आलं. खडकाळ किनारा म्हणजे ताई, एखाद्याचा पत्ता विचारला आणि नुसतं अमरावती सांगितलं असं झालं. खडकावर काय होतं?

खडकावर काय होतं ते मी कधी विचारलंच नव्हतं. बाबांनी सांगायचा प्रयत्न केला होता आणि आम्ही त्यावर हसलो होतो. मी ओला फडका घेतला आणि बरणीवरच्या माझ्या लेबलावर ठेवला. कागद चाळीस वर्षांचा, मला वाटलं खालचं सगळं त्याच्याबरोबर निघून येईल. पण कडा सुटल्या आणि लेबल अलगद उचललं गेलं. मधे गोंद नव्हताच. बाबांनी फक्त चारी कडांना गोंदाची बारीक रेघ ओढली होती. त्यांचं लेबल खाली तसंच कोरडं होतं.

मला त्यातला एकच शब्द आठवत होता. खरं तर परीक्षकांनी एकच शब्द वाचला होता. त्याखाली बारीक अक्षरात आणखी चार ओळी होत्या.

पऱ्हाटी समुद्रातली आहे. काडी काळी, बोंड पांढरे फुटलेले. हात लावल्यास खाजते. काडीवर पांढरे सूत गुंडाळलेले.

मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. काळी काडी, टोकाला पांढरं, आणि हात लागला तर खाज. हे काय असतं ते मी बत्तीस वर्षं फळ्यावर रंगीत खडूनं काढत आले होते. हायड्रॉइड म्हणतात त्याला. दिसायला झुडूप, पण झाड नव्हे, बारीक बारीक प्राण्यांची वसाहत. काळ्या फांद्या, फांद्यांच्या टोकांना पांढरे जीव, आणि त्यांना डंख मारणाऱ्या पेशी. काही समुद्री गोगलगाई तेच खातात, तिथेच राहतात, तिथेच अंडी घालतात. पुस्तकात सगळं आहे. मी जिवंत हायड्रॉइड कधी पाहिलं नव्हतं. माझ्या बापानं पाहिलं होतं, तासभर उकिडवं बसून पाहिलं होतं, आणि त्याच्यापाशी जो शब्द होता त्यात चोख लिहून ठेवलं होतं.

मी त्या चार ओळी रत्नागिरीला पाठवल्या, कुंकवाचंही कळवलं. थोड्या वेळानं एक फोटो आला आणि खाली प्रश्न, हीच का तुमची पऱ्हाटी? बाईंनी गोगलगाईचा वंश सांगितला, क्रॅटेना. पूर्ण नाव मात्र जिवंत रंग पाहिल्याशिवाय सांगणार नाही म्हणाल्या. त्यांचा तो काटेकोरपणा मला आवडला.

फोन घेऊन मी गॅलरीत गेले. बाबांनी तो नाकाशी धरला आणि बराच वेळ बघितला. म्हणाले, हेच. मग म्हणाले, फोटो उन्हात काढायला पाहिजे होता.

मी त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसले. म्हटलं, "बाबा, तुमचं लेबल बरोबर होतं. चुकलं माझं होतं."

"मले मालूम हाये," ते म्हणाले.

"मंग तवा बोलले कावून नाई?"

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "तुये मार्क कटले असते, माय."

एवढंच. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. परीक्षक समोर, सर समोर, मुलगी शेवटच्या वर्षाला; त्यांनी हिशेब केला आणि गोंद आणला. आणि मी हसले होते त्याचं काय, हे मला विचारायचं होतं. समोरच्या इमारतीवर कबुतरं बसली होती, तिकडे बघत मी रडले, आणि ज्याला नीट दिसत नाही त्या माणसानं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं. ते तिथं अजून असेल का? या वेळी माझ्या तोंडून असेल हा शब्द निघेना.

त्यांना घेऊन जायचं मी ठरवलं होतं. डॉक्टर म्हणाले, अकोल्यातल्या अकोल्यात नेताना दम लागतो, रत्नागिरी कुठलं काढता. बाबांनीही हात झटकला. म्हणाले, त्या गोट्यांवर मी आता चढून राहिलो का. मग नवरा उठून आत गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "तू पाहून ये. न् आता खोटं नको सांगू."

म्हणजे इतकी वर्षं माझं 'असेल, असेल' पोकळ आहे हे त्यांना कळत होतं.

जानेवारीत अमावस्येच्या पाठच्या दिवसांत पाणी खूप मागे जातं, असं बाईंनी कळवलं होतं. मी एकटी निघाले. साठीला आलेली, समुद्र म्हणजे जुहूची चौपाटी एकदा पाहिलेली बाई, नव्या कॅनव्हासच्या बुटांत. बाई स्टेशनवर घ्यायला आल्या होत्या. सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो तेव्हा पाणी लांब सरकलं होतं आणि काळे ओले खडक उघडे पडले होते. आमच्याकडची नांगरलेली जमीन पावसानंतर दिसते तसा तो रंग होता. बाबा इथे कुठे बसले असतील, कोणत्या खाचेशी, हे मी प्रत्येक पावलाला शोधत होते. इतक्या वर्षांत कोणता खडक तोच राहिला असेल हे काही कळण्यासारखं नव्हतं, तरी शोधत होते. त्यांनी यायला हवं होतं. पंधरा वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे धड होते, माझी नोकरी धड होती, सुट्ट्या होत्या. मी मुलांना घेऊन उटीला गेले.

तासाभरानं बाईंनी मला हाक मारली. एका खडकाच्या पोटाखाली पाण्याची खाच होती. त्या बाजूला झाल्या आणि मी गुडघ्यांवर बसून आत पाहिलं. वीतभर पाण्यात पऱ्हाटी उभी होती. काळ्या काड्या, काड्यांना फांद्या, फांद्यांच्या टोकांना पांढरं फुटलेलं. दिवाळीनंतर रिद्धपूरच्या वाटेवर दोन्ही अंगांना जे दिसतं तेच, फक्त बोटभर उंचीचं आणि पाण्याबरोबर हलणारं. मी हसले. मी मुद्दाम मनगट टेकवलं, आणि थोड्या वेळात तिथे खाज सुटली.

पण काड्यांवर ती नव्हती. मी एक एक काडी पाहिली, बाईंनी त्यांचं भिंग लावून वरच्या फांद्या पाहिल्या. शेजारच्या दोन खाचा पाहिल्या, तिथे तर पऱ्हाटीही नव्हती. बाईंनी घड्याळ पाहिलं, पाणी फिरलं होतं, भरती सुरू झाली होती. मग फोन वाजला. घरी नवऱ्यानं फोन लावून बाबांच्या हातात दिला होता.

"पऱ्हाटी दिसली का?"

"दिसली बाबा. तुमी लिवली तशीच हाये."

"न् तिच्यावर?"

एक शब्द पुरला असता. आहे, म्हटलं असतं तर ते शांतपणे जेवले असते, झोपले असते, आणि त्यांना दाखवायला मी बाईंकडून एखादा जुना फोटोही मागून घेतला असता. पाणी माझ्या बुटांपर्यंत आलं होतं.

"नाई बाबा," मी म्हटलं. "नाई दिसली."

ते म्हणाले, "सूत पाह्य."

मला आधी कळेना. मग लेबलाची शेवटची ओळ आठवली. मी पुन्हा वाकले, गाल जवळजवळ पाण्याला लागेपर्यंत. काड्यांच्या मुळाशी, फांदीच्या बेचक्यात, पांढऱ्या बारीक धाग्याचा गुंडा होता. मघाशी मी तो पाहिला होता आणि कोणाच्या तरी जाळ्याचा तुटका दोरा समजून सोडून दिला होता. मी बाईंना दाखवला. त्यांनी भिंग लावलं, आणि म्हणाल्या की ताई, अंडी आहेत, या पऱ्हाटीवर राहणारीचीच, आणि ताजी आहेत, दोन-तीन दिवसांची. पऱ्हाटी हा शब्द त्यांनी सहज वापरला, आपलाच असल्यासारखा.

"बाबा, अंडे हायेत," मी म्हटलं. "ताजे हायेत."

"तिचे?"

"तिचेच."

पुन्हा पुन्हा विचारतील असं मला वाटलं होतं, पण ते एकदाच बोलले.

"मंग हाये ते. तू हात नको लावू, माय. एक म्या आनली, तेवढी लय झाली."

माझा हात पाण्यातच होता. मी तो बाहेर काढला. बाई वरच्या खडकावर जाऊन मला बोलवत होत्या. सूत दिसेनासं होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले.